पॅक-मॅन यंत्राच्या सर्किट बोर्डाची दुरुस्ती
जपानच्या नामको कंपनीच्या (१९८०) आणि अमेरिकेत मिडवेने तयार केलेल्या पॅक-मॅन या नाणे टाकून खेळायच्या यंत्राच्या बोर्डावर ३.०७२ मेगाहर्ट्‌झ वेगाने चालणारा झेड-८० हा प्रोसेसर असतो. मिडवेच्या यंत्रात बोर्डाला एसी वीज पुरवली जाते व तिचे ५ व्होल्ट डीसीमध्ये रूपांतर बोर्डावरच होते. परिणामी कडेच्या जोडणीपट्टीतून मोठा प्रवाह वाहून तिच्या पट्ट्या काळवंडतात, म्हणून तपासणी तेथूनच सुरू करणे इष्ट ठरते. बोर्ड पुनःपुन्हा आपोआप सुरू होत असल्यास ते वॉचडॉगचे, म्हणजे प्रोग्रॅमकडून ठरावीक काळात संकेत न आल्यास प्रोसेसरला नव्याने सुरू करणाऱ्या मंडलाचे, काम असते आणि मूळ दोष बहुधा रॉम, रॅम किंवा गंजलेल्या सॉकेटमध्ये सापडतो. बिघडलेली रॅम चिप सबंध उपटण्याऐवजी तिचे पाय कापून एकेक पाय तापवून काढतात व तेथे सॉकेट बसवतात, कारण चिप स्वस्तात मिळते, पण बोर्डावरील उखडलेली तांब्याची रेघ पूर्ववत करणे किचकट असते. खरी अडचण प्रोसेसर व व्हिडिओ मंडल यांचा मेळ आणि व्हिडिओ रॅमचे पत्ते सांभाळणाऱ्या दोन खास भागांची आहे. ते बाजारात सर्रास मिळत नसल्याने हौशी तंत्रज्ञांनी बनवलेले पर्यायी भाग वापरावे लागतात.