इंजिन बंद पडणे आणि विमान कोसळणे : एक भेद

इंजिन बंद पडणे आणि विमान कोसळणे या दोन भिन्न घटना होत. वृत्तपत्री भाषेत त्या बहुधा एक होऊन जातात. वैमानिकाचे प्राण मात्र त्या दोहोंमधील अंतरावर अवलंबून असतात. हे अंतर राखण्याची विद्या एक इंजिनाच्या विमानांच्या इतिहासातून स्पष्ट होते.

१९३० च्या आगाखान पारितोषिकाच्या स्पर्धेत अस्पी इंजिनिअर हे इंग्लंडहून, तर जे. आर. डी. टाटा हे कराचीहून निघाले. इजिप्तमधील अबुकीर येथे स्पार्क प्लगअभावी अडकलेल्या प्रतिस्पर्ध्याला टाटांनी आपल्याजवळचा प्लग दिला. पारितोषिक इंजिनिअर यांना मिळाले. एवढ्याशा वस्तूवर त्या काळचे उड्डाण अवलंबून होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस टपाल आणले, तेव्हाही इंजिन एकच होते आणि रेडिओ नव्हता. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलमय होई, म्हणून टपालसेवा पुण्यास हलवावी लागे. भूमीची परीक्षा हा उड्डाणविद्येचाच भाग होय, हे यावरून दिसते.

विमानतळ नसलेल्या मुलखात तर ही परीक्षा निर्णायक ठरते. सिंदफणेकाठचे शिरूर कासार (जि. बीड) उदाहरणादाखल घ्यावे. वरून सपाट भासणाऱ्या काळ्या रानात बांध, विहिरी आणि पऱ्हाट्या असतात. पावसानंतर चाक रुतून विमान उलटण्याचे भय असते. ज्वारी काढलेले, धसकटे उरलेले लांब रान त्यापेक्षा बरे. तेथेही शक्यतो वाऱ्यासमोर आणि तासांच्या दिशेने उतरावे.

इंजिन थांबताच विमानाचे नाक खाली करून तरंगण्याचा वेग राखणे हे पहिले कर्तव्य होय. नाक वर धरल्यास वेग सरतो आणि विमान खरोखरच पडते. सेस्ना १५२ सारखे विमान वारा नसताना दर हजार फूट उंचीमागे सुमारे अडीच किलोमीटर तरंगत जाते. तेवढ्या अवधीत प्रथम जागा निवडावी, मग इंधन, कार्ब्युरेटर व प्रज्वलन तपासावे. इंजिन चालू न झाल्यास भूमिस्पर्शापूर्वी इंधन व वीज बंद करावी. उड्डाणानंतर अल्प उंचीवरून धावपट्टीकडे परत वळण्याचा मोह अनेकदा प्राणघातक ठरला आहे.

२५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे एक प्रशिक्षण विमान शेतात मोडून पडले. त्यातील एकटी प्रशिक्षणार्थी बचावली. बातमी ‘विमान कोसळले’ अशी झाली. परंतु अशा प्रसंगी यशाचे माप विमानाच्या अखंडतेत नसून माणसाच्या जीवितात असते. यंत्र गमावण्याची तयारी ठेवणाऱ्यालाच माणूस वाचविता येतो, हेच या विद्येचे सार होय.