जोडकार्ड आणि तिसरं बटण

पनवेलला टपाल नाक्याजवळ आमचं जुनं घर आहे. तिथे आजीच्या ट्रंकेत मला एक जोडकार्ड सापडलं. म्हणजे जोडलेली दोन पोस्टकार्डं: एकावर मजकूर, दुसरं उत्तरासाठी कोरं, आणि त्या उत्तराचे पैसेही पाठवणाऱ्याने आधीच भरलेले. भारतात पोस्टकार्ड १८७९ साली आलं, पाव आण्याला, जोडकार्ड त्यानंतरचं. फाडायचं, लिहायचं, पेटीत टाकायचं. आजच्या नोटिफिकेशनमधलं ‘रिप्लाय’ दुसरं काय आहे?

फरक एकच, कोऱ्या कार्डावर काय लिहायचं ते पाठवणारा ठरवत नसे.

आम्ही ठरवतो. अँड्रॉइडच्या नोटिफिकेशनवर बटणं आली २०१२ मध्ये, ४.१ आवृत्तीत, जास्तीत जास्त तीन. आयफोनवर २०१४ मध्ये, आयओएस ८ सोबत. तिथे बटणांचे संच ॲपने आधीच नोंदवून ठेवायचे आणि सर्व्हरने फक्त संचाचं नाव कळवायचं. बटणावरचा एक शब्द बदलायचा तरी बहुतेकदा नवीन अपडेट काढा! नोटिफिकेशन उघडल्यावर त्यातली बटणं बदलण्याची सोय आयओएस १२ मध्ये, २०१८ साली मिळाली. अँड्रॉइडवर ॲप स्वतःच नोटिफिकेशन बांधत असेल, तर बटणांची नावं सर्व्हरवरून आणता येतात. पण तेवढी मेहनत कोण घेतो? मीही घेतली नव्हती.

आजीच्या गोळ्यांसाठी मी घरच्याघरी एक ॲप केलं होतं. रात्री आठला नोटिफिकेशन, दोन बटणं: ‘घेतली’ आणि ‘नंतर’. माझ्या फोनवर सलग चार दिवस ‘घेतली’ येत होतं, मी निर्धास्त. शनिवारी घरी गेलो तर डबी रिकामी.

“अगं, मग ‘घेतली’ का दाबलंस?”

“ते ‘नंतर’ दाबलं की परत परत वाजतं रे. आणि संपल्या म्हणून सांगायला जागा कुठेय त्यात?”

बटणं कमी असावीत, लोक गोंधळतात, असं आमच्या धंद्यात म्हणतात. एरवी मला ते पटतं. त्या रात्री मात्र मी बटणांची यादी सर्व्हरवर हलवली, ‘संपल्या’ हे तिसरं बटण दिलं, आणि ‘नंतर’ काढून त्या जागी लिहायची चौकट टाकली. ती सोय अँड्रॉइडमध्ये २०१६ च्या ७.० पासून आहे, मीच वापरली नव्हती.

सोमवारी ऑफिसात असताना चौकटीतून पहिलं उत्तर आलं: “घेतली. येताना कोथिंबीर आण.”