नागरी स्वातंत्र्य आणि राष्ट्रीय सुरक्षा : विधी विद्यार्थ्यांनी इंटर्नशिप कुठे व कशी करावी?

3 जानेवारी 2018 च्या महाराष्ट्र बंदनंतर आपल्या वस्त्यांमधील अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झाले. तेव्हा घराघरांतून एकच प्रश्न येत होता : "ओळखीचा वकील आहे का?" आज आपल्या समाजातील मुलेमुली मोठ्या संख्येने विधी महाविद्यालयांत शिकत आहेत. पण इंटर्नशिप म्हणजे केवळ प्रमाणपत्र, असा समज कायम आहे. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

नियम काय सांगतो?
बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे, तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे इंटर्नशिप आवश्यक आहे. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. संपूर्ण शिक्षणात एकदा तरी वकिलाच्या हाताखाली काम करावेच लागते. स्वयंसेवी संस्था, न्यायालये व विधिमंडळेही या यादीत आहेत.

कोणते कायदे आधी वाचावेत?
बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, 1967, म्हणजेच यूएपीए, हा या क्षेत्राचा गाभा आहे. त्याच्या कलम 43ड(5) नुसार आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर जामीन मिळत नाही. तपासाची मुदत 90 दिवसांवरून 180 दिवसांपर्यंत वाढवता येते. 2019 च्या दुरुस्तीने संघटनेप्रमाणे व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करण्याची तरतूद आली. राष्ट्रीय सुरक्षा अधिनियम, 1980 खाली खटल्याशिवाय 12 महिन्यांपर्यंत स्थानबद्ध ठेवता येते.

दुसऱ्या बाजूला संविधानाचे अनुच्छेद 21, 22 आणि 32 आहेत. अनुच्छेद 32 ला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटले. अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे ही आजच्या अनुच्छेद 22 मधील हमी देणारी तरतूद त्यांनीच सप्टेंबर 1949 मध्ये संविधान सभेत मांडली. त्याच अनुच्छेदात स्थानबद्धतेलाही जागा आहे. स्वातंत्र्य आणि सुरक्षा यांतला हा ताण विद्यार्थ्याने मूळ चर्चेत वाचावा.

कुठे अर्ज करावा?
- जिल्हा विधी सेवा प्राधिकरण : 1987 च्या कायद्याच्या कलम 12 नुसार अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि कोठडीतील व्यक्ती मोफत विधी सेवेस पात्र आहेत. गावाकडच्या विद्यार्थ्याला हे दार सर्वांत जवळचे.
- सत्र न्यायालयात फौजदारी खटले चालवणारे वकील. यूएपीएचे खटले लढणारे वकील बहुतेक मोठ्या शहरांत असतात. पण रिमांड आणि जामीन तालुक्यालाही शिकता येतो.
- राष्ट्रीय मानवी हक्क आयोग : दिल्लीतील तसेच अल्पकालीन ऑनलाइन इंटर्नशिप.
- पीयूसीएल (स्थापना 1976) सारख्या नागरी हक्क संघटना.
- सरकारी बाजू समजण्यासाठी सरकारी वकिलांचे कार्यालय किंवा केंद्रीय विधी मंत्रालयाचा विधी व्यवहार विभाग. दोन्ही बाजू पाहिलेला वकील अधिक पक्का होतो.

तिथे काय शिकावे?
विद्यार्थ्याला युक्तिवाद करता येत नाही, वकालतनामाही त्याच्या नावे होत नाही. पण रोजनामा वाचणे, तारखांचा तक्ता करणे आणि दोषारोपपत्राचा गोषवारा काढणे ही कामे त्याचीच असतात. ती किरकोळ नाहीत. डिसेंबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुधा भारद्वाज यांना जामीन दिला, तो तपासाची मुदत कोणत्या न्यायालयाने वाढवली या मुद्द्यावर. मुदतवाढ देणाऱ्या न्यायालयाला तो अधिकारच नव्हता. असे मुद्दे कागद बारकाईने वाचणाऱ्यालाच सापडतात.

तीन निकाल जरूर वाचा. वटाली (2019) मध्ये जामीन अवघड झाला. के. ए. नजीब (2021) मध्ये खटला लांबला तर घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. प्रबीर पुरकायस्थ (2024) मध्ये यूएपीएखालीही अटकेची कारणे लेखी द्यावी लागतात, असे ठरले.

काळजी
पक्षकाराचे कागद, फोटो किंवा चर्चा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. आरोपीच्या कुटुंबाला जामिनाचे आश्वासन देऊ नका. रोज डायरी लिहा.

समाजाची जबाबदारी
बहुतेक इंटर्नशिप बिनपगारी असतात. मुंबई-दिल्लीत महिनाभर राहण्याचा खर्च शेतमजुराच्या मुलीला परवडत नाही. मग ती गावातच सहीपुरते प्रमाणपत्र घेते आणि कोर्ट न पाहताच पदवीधर होते. आमच्या कामात हे आम्ही वारंवार पाहतो. दोष तिचा नाही.

जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी एका विद्यार्थ्याचा चार आठवड्यांचा राहण्या-जेवणाचा खर्च प्रत्येक विहार समितीने उचलावा. शहरातील उपासकांनी एक खोली द्यावी. आपल्या वकिलांनी दरवर्षी एक विद्यार्थी हाताखाली घ्यावा. पुढच्या वेळी मध्यरात्री वस्तीत पोलिसांची गाडी आली, तर "ओळखीचा वकील आहे का?" या प्रश्नाला त्याच गल्लीतून उत्तर मिळाले पाहिजे.

जयभीम!