छापून आलेलं परत कसं घ्यायचं?

आजचा विषय जाहीर झालाय तो ‘संशोधन-नियतकालिकं आणि सचोटी’. हे ऐकलं की नियमावल्या, समित्या, सही करून द्यायची हमीपत्रं असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. तेही थोडं येईलच. पण मी जरा इतिहासाच्या वाटेने जाणार आहे, कारण नियम कुठल्या दुखण्यावर निघाले हे माहीत नसेल तर ते नुसते अर्जातले रकाने होतात. आजची मुख्य गोष्ट काशीतली आहे, दोनशे वर्षांपूर्वीची.

1784 साली सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी स्थापन केली आणि चार वर्षांनी तिचं ‘एशियाटिक रिसर्चेस’ सुरू झालं. आपल्याकडच्या विद्वत्-नियतकालिकांची परंपरा साधारण तिथून मोजतात. त्याच्या तिसऱ्या खंडात, 1792 मध्ये, फ्रान्सिस विल्फर्ड या कंपनी सरकारच्या लष्करी इंजिनिअरने एक लांबलचक निबंध लिहिला. इजिप्त, नाईल नदी आणि तिच्या उगमाचा प्रदेश यांची वर्णनं हिंदूंच्या पुराणांत सापडतात, असा त्याचा दावा. पुराव्यादाखल संस्कृत उतारे होते. युरोपात खळबळ उडणारच होती. बायबल, ग्रीक लोक आणि पुराणं एकाच धाग्यात ओवली जाताहेत म्हटल्यावर कोणाला नको?

आता बघा, जोन्स काही भोळे नव्हते. त्यांना आधी शंका होती. त्यांनी मूळ उतारे मागवले, स्वतः वाचले, समाधान झालं, आणि तसं त्याच खंडात निबंधाच्या शेवटी छापलंही. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर रेफरी झाला, तोही त्या काळी मिळू शकणारा सर्वांत चांगला रेफरी. आणि तरीही फसगत झाली. याचं कारण नीट समजून घ्या. जोन्स यांनी जे वाचलं ते संस्कृत होतं, व्याकरणात बसत होतं, पुराणांच्या शैलीतलं होतं. प्रश्न भाषेचा नव्हताच. ते पान त्या पोथीचं होतं का, हा प्रश्न होता. आणि तो विचारायचा तर काशीला जाऊन पोथी हातात घ्यावी लागली असती.

पुढची हकिगत विल्फर्डने स्वतःच 1805 च्या आठव्या खंडात लिहून ठेवली आहे. जुने उतारे पुन्हा ताडून पाहताना त्याच्या लक्षात आलं की काही ठरावीक शब्द येतात तिथे अक्षर थोडं वेगळं दिसतं, कागदाचा रंगही डागाळल्यासारखा आहे. त्याने पान उजेडासमोर धरलं. शब्द खरवडून, वर खळ लावून, त्यावर नवा शब्द लिहिलेला होता. काही ठिकाणी जुना शब्द वाचताही येत होता. मग एकेक पोथी तपासायला घेतली. कुठे एखाद-दुसराच शब्द बदललेला, कुठे कथाच फिरवलेली, आणि कुठे सगळंच नवं, हजारोंच्या संख्येने रचलेले कोरे करकरीत श्लोक. जाब विचारल्यावर पंडित महाशय भयंकर संतापले आणि शपथेवर साक्ष द्यायला दहा ब्राह्मण घेऊन आले! (हा पंडित पुराणांत इतका मुरलेला का, तर काशीतल्या एका मातब्बर मराठा गृहस्थाच्या पदरी होता, असं विल्फर्ड लिहितो. आपल्या माणसांचा कुठे ना कुठे संबंध निघतोच.)

पंडिताने हे का केलं? विल्फर्डने त्याला मदतनीस आणि लेखनिक ठेवण्यासाठी पैसे दिले होते. ते त्याने खिशात घातले. मग ग्रंथ शोधत बसण्याचे कष्ट कोण घेणार? त्यापेक्षा आठवणीतून रचून देणं सोपं. पण काय रचायचं हे त्याला कळलं कसं? इथे विल्फर्डच्या कबुलीजबाबातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग येतो. तो सांगतो की त्यानेच पंडिताला पाश्चात्त्यांच्या पुराणकथा आणि प्राचीन भूगोल समजावून दिला होता. म्हणजे आपल्याला काय सापडायला हवं आहे ते साहेबाने आधी सांगितलं, आणि पंडिताने ते शोधून आणलं. फसवणूक पंडिताची खरी, पण मागणी कोणाची होती?

नैयायिकांनी शब्दप्रमाणाची चर्चा करताना ‘आप्त’ कोणाला म्हणायचं याचा विचार केला आहे. वात्स्यायनाच्या म्हणण्याचा सारांश असा, की आप्ताला दोन गोष्टी लागतात. ज्याबद्दल तो बोलतो ते त्याने प्रत्यक्ष जाणलेलं असावं, आणि जसं जाणलं तसंच सांगण्याची त्याला इच्छा असावी. गंमत म्हणजे हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू, असंही तो म्हणतो. आता हे शोधनिबंधाला लावून बघा. समीक्षक यातलं काय तपासतो? दोन्हीपैकी काहीच नाही. लेखकाने ते जाणलं आहे आणि जसंच्या तसं सांगितलं आहे, हे तो गृहीत धरतो आणि मग युक्तिवाद तपासतो. यात समीक्षकाचा दोष नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1752 मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ स्वतःच्या ताब्यात घेतलं, तेव्हा तिने सरळ जाहीर करून टाकलं की छापलेल्या निबंधांतल्या गोष्टी खऱ्या आहेत याची हमी सोसायटी देत नाही. ती भिस्त लेखकाच्या पतीवर. मला हा प्रांजळपणा आवडतो. आज आपण ‘पीअर रिव्ह्यूड’ हा शिक्का बघून जे समजतो, ते त्या शिक्क्याने कधीच कबूल केलेलं नव्हतं. ‘नेचर’सारख्या नियतकालिकातसुद्धा बाहेरच्या तज्ज्ञांकडून परीक्षण सरसकट व्हायला लागलं ते 1973 मध्ये.

असो. काशीकडे परत येऊ. विल्फर्डने कबुली दिली, जाहीर दिली, ज्या नियतकालिकात चूक छापली त्याच नियतकालिकात दिली. आजचे किती संशोधक एवढं करतील? (हेही सांगायला हवं की ज्या निबंधाच्या प्रस्तावनेत ही कबुली आहे, त्याच निबंधात पुराणांतलं श्वेतद्वीप म्हणजे ब्रिटन, असं सिद्ध करण्याचा घाट त्याने घातला आहे. खोड जाता जात नाही.) पण प्रश्न असा, की कबुली आठव्या खंडात आणि मूळ निबंध तिसऱ्या खंडात. ज्याच्या कपाटात फक्त तिसरा खंड आहे त्याचं काय? लंडनमध्ये या खंडांची पुनर्मुद्रणं निघत होती, ती दूरवर जात होती.

त्याचं उत्तर 1863 मध्ये मिळालं. जॉन हॅनिंग स्पीक हा नाईलचा उगम शोधणारा इंग्रज प्रवासी. त्याच्या प्रवासवर्णनात तो लिहितो की झांझिबारचे ब्रिटिश वकील कर्नल रिग्बी यांनी त्याला नाईल आणि चंद्रपर्वतांबद्दलचा एक निबंध नकाशासह दिला. लेखक लेफ्टनंट विल्फर्ड, आधार हिंदूंची पुराणं! स्पीक त्या माहितीवर खूश आहे; प्राचीन हिंदूंचा आफ्रिकेशी संबंध असणार असा निष्कर्षही काढतो. लेखकाने स्वतः मागे घेतल्याला तोवर 58 वर्षं झाली होती.

नियतकालिकांच्या नीतीचा विचार बहुतेक वेळा ‘चोर कसा पकडायचा’ इथेच थांबतो. मला वाटतं, जास्त अवघड काम त्याच्या पुढचं आहे. चोर पकडला, त्याने कबूलही केलं, तरी झांझिबारमधल्या वाचकाला ते कळवायचं कोणी?

आता दोनशे वर्षांची उडी मारून चंदीगडला येऊ, कारण तिथे हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. पंजाब विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ विश्वजित गुप्ता यांनी जवळपास पंचवीस वर्षांत हिमालयातल्या जीवाश्मांवर तीनशेहून अधिक निबंध प्रसिद्ध केले. सहलेखक देशोदेशींचे, शंभराच्या वर. नमुने गुप्ता देणार, कुठे मिळाले ते सांगणार. त्या त्या जीवाश्माचा तज्ज्ञ वर्णन लिहिणार. 20 एप्रिल 1989 च्या ‘नेचर’मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी जाहीर आरोप केला की यातले पुष्कळ जीवाश्म हिमालयातले नाहीतच. कॉनोडॉन्ट नावाचे सूक्ष्म जीवाश्म अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅम्सडेल क्रीक इथल्या नमुन्यांशी जुळत होते. अमोनॉइड मोरोक्कोतल्या एर्फूदचे असावेत तसे, आणि ते तर दुकानात विकत मिळतात. तोच नमुना वेगवेगळ्या निबंधांत वेगवेगळ्या गावी सापडलेला.

लक्षात आलं ना? जीवाश्म अस्सल होते. खोटा होता तो पत्ता. काशीच्या पंडिताचं संस्कृत जसं शुद्ध होतं, तसंच हे. तज्ज्ञाने भिंगाखाली कितीही पाहिलं तरी दगड स्वतः कुठला ते सांगत नाही. गुप्ता यांनी आरोप नाकारले. त्यांचं उत्तर ‘नेचर’ने त्याच वर्षी छापलं, ते योग्यच केलं. पुढे चौकशी झाली, ते दोषी ठरले, काही काळ निलंबन झालं, आणि 2002 मध्ये ते त्याच विद्यापीठातून नियमाप्रमाणे निवृत्त झाले. या निकालावर लोक अजून चिडून बोलतात. मीही बोलू शकेन. पण शिक्षा झाली की नाही हा विद्यापीठाचा मामला. नियतकालिकाचा मामला वेगळा: त्या शेकडो निबंधांचं काय? ते अनेक देशांतल्या नियतकालिकांत विखुरलेले. त्यांतल्या कितीतरी निबंधांवर कसलीच खूण नाही. हिमालयाचा भूशास्त्रीय काल ठरवणाऱ्या कुणा तरुण संशोधकाच्या हातात त्यातला एखादा सुटा निबंध आला, तर तो स्पीकच्याच जागी उभा असतो.

ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय संपादकांनी 1997 मध्ये प्रकाशन-नीतीसाठी ‘कोप’ ही समिती स्थापन केली. निबंध मागे घेण्याबाबत तिच्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांतली एक गोष्ट मला विल्फर्डच्या संदर्भात महत्त्वाची वाटते. मागे घेण्याचा हेतू लेखकाला शिक्षा करणं हा नाही, तर छापील ज्ञान दुरुस्त करणं हा आहे; म्हणून सूचना मूळ निबंधाला जोडलेली हवी, ती सर्वांना फुकट वाचता यायला हवी, आणि प्रामाणिक चूक की लबाडी हे त्यात सांगायला हवं. थोडक्यात, आठव्या खंडातली कबुली तिसऱ्या खंडाला चिकटवा.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. साम्य 10 टक्क्यांपर्यंत चालेल, 60 टक्क्यांच्या वर गेलं तर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द. नियम हवेतच, उचलेगिरी फार माजली होती. पण मला एक गणित करून बघावंसं वाटतं. पंडिताचे ते नवे कोरे श्लोक आजच्या सॉफ्टवेअरमधून घातले असते तर साम्य किती आलं असतं? शून्य. उलट ज्या विद्यार्थ्याने पोथीतले खरे श्लोक प्रामाणिकपणे उतरवले, त्याची टक्केवारी वाढली असती. अवतरणं वगळायची सोय असते हे मला ठाऊक आहे. तरीही यंत्र मोजतं ते साम्य. पोथी उजेडासमोर धरायचं काम त्याच्याकडे दिलेलंच नाही. आणि ज्या पद्धतीत बढतीसाठी निबंध मोजले जातात, वाचले जात नाहीत, तिथे साहेबाला काय सापडायला हवं आहे हे पंडिताला आधीच कळलेलं असतं.

‘एशियाटिक रिसर्चेस’चे जुने खंड आज स्कॅन करून इंटरनेटवर ठेवलेले आहेत. तिसरा खंड कोणालाही उतरवून घेता येतो. विल्फर्डचा निबंध त्यात जसाच्या तसा आहे, आणि शेवटी जोन्स यांची शिफारसही. आठवा खंड वेगळी फाइल आहे, तो वेगळा शोधावा लागतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.