तिर्रट
तिर्रट (अन्य नावे: तीन पत्ती, फ्लश) हा ५२ पत्त्यांच्या एका जोडाने खेळला जाणारा पैजेचा खेळ आहे. भारतभर तो तीन पत्ती या नावाने परिचित असून बीड जिल्ह्यासह मराठवाड्यात त्यास तिर्रट म्हणतात. इंग्लंडमधील ब्रॅग या खेळाशी त्याचे निकटचे साम्य आहे.

खेळाची पद्धत
प्रत्येक खेळाडू आरंभी 'बूट' म्हणून ठरावीक रक्कम मध्ये टाकतो व त्याला तीन पत्ते वाटले जातात. एकूण २२,१०० संभाव्य हातांचा उतरता क्रम असा: ट्रेल (५२ हात), प्युअर सिक्वेन्स (४८), सिक्वेन्स (७२०), कलर (१,०९६), जोडी (३,७४४) आणि साधा हात (१६,४४०). म्हणजेच सुमारे ७४ टक्के हातांत जोडीही नसते.

ब्लाइंड चाल
पत्ते न पाहता खेळणाऱ्यास 'ब्लाइंड' म्हणतात. पत्ते पाहिलेल्या खेळाडूस त्याच्या किमान दुप्पट रक्कम लावावी लागते. ब्लाइंडने १० रुपये लावल्यास त्याला २० ते ४० रुपये टाकावे लागतात. दोघेच उरले असता, पारंपरिक नियमानुसार, पत्ते पाहिलेला खेळाडू ब्लाइंडकडे 'शो' मागू शकत नाही. त्याच्यापुढे चाल देणे किंवा पॅक होणे एवढेच पर्याय राहतात.

चिथावणी आणि नुकसान
बेफिकीर ब्लाइंड खेळाडू वारंवार चाल वाढवतो, तेव्हा प्रतिस्पर्ध्यास तो पोकळ धाक वाटतो व माघार घेणे अपमानास्पद वाटू लागते. रागाच्या भरात चुकीचे निर्णय घेण्याच्या या मनःस्थितीस पोकरच्या परिभाषेत 'टिल्ट' म्हणतात. ब्लाइंडच्या एका रुपयामागे दोन रुपये जात असल्याने, बूट वगळल्यास, पत्ते पाहिलेल्या खेळाडूची जिंकण्याची शक्यता किमान दोन-तृतीयांश असावी लागते. एक्का व जोडी नसलेला सर्वोत्तम हातही सुमारे ५७ टक्के हातांनाच हरवतो. त्यामुळे केवळ ईर्षेने अशा हातावर चाल देत राहणे दीर्घकाळात तोट्याचे ठरते. याउलट जोडीवर मात करणारे हात सुमारे ९ टक्केच असल्याने जोडी हाती असताना टिकून राहणे सयुक्तिक असते. तरीही एखादा डाव हातून जाऊ शकतो.

महाभारताच्या सभापर्वातील द्यूतप्रसंगात शकुनी युधिष्ठिरास पुढील पणासाठी डिवचतो. तेथे खेळ फाशांचा असला, तरी चिथावणीचे स्वरूप हेच आहे.

कायदेशीर स्थिती
महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक अधिनियमानुसार सार्वजनिक ठिकाणी जुगार खेळणे व जुगाराचा अड्डा चालवणे गुन्हा आहे. केवळ कौशल्याच्या खेळांना कलम १३ अन्वये सूट आहे. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला प्राधान्याने कौशल्याचा खेळ मानले, मात्र तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ नशिबाचा असल्याचे नमूद केले. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवरही बंदी घातली.