सरासरी खोली तीन हात

'डेटा सफिशियन्सी' नावाच्या गणितांची गंमत अशी की त्यात उत्तर काढायचंच नसतं. वर प्रश्न, खाली दोन विधानं. आपण फक्त सांगायचं, एवढ्या माहितीवर उत्तर निघेल का? पहिल्या विधानावर, दुसऱ्यावर, दोन्ही मिळून, की कशानेच नाही? एमबीएच्या नाहीतर बँकेच्या परीक्षा दिलेल्यांना हे नवीन नाही. आम्हा संगणकवाल्यांना तर रोजचंच. दिलेली माहिती पुरेशी आहे का, हे कोड लिहायच्या आधी विचारलं तर अर्धी भांडणं टळतात. असो.

एक नमुना घ्या. एका खड्ड्याची खोली तीन ठिकाणी मोजली. तिन्ही मापं पूर्णांक आहेत आणि सरासरी आली तीन हात. कुठे तरी खोली चार हात किंवा जास्त आहे का? विधान एक: तिन्ही मापं वेगवेगळी आहेत. विधान दोन: सर्वांत कमी माप दोन हात आहे.

बेरीज झाली ९. वेगवेगळी मापं घ्यायची आणि तीनच्या वर जायचं नाही म्हटलं, तर जास्तीत जास्त ३+२+१, म्हणजे सहाच होतात. तेव्हा चार कुठे तरी असणारच. दुसऱ्या विधानात एक माप २, उरलेल्या दोघांत ७. दोन पूर्णांकांत सात करायचे तर एक चार तरी हवाच. म्हणजे दोन्ही विधानं आपापली पुरेशी. आता 'पूर्णांक' एवढा एकच शब्द खोडून बघा. २, ३.४ आणि ३.६ ही मापं दोन्ही विधानांत बसतात आणि चार कुठेच नाही! सगळी मदार त्या एका शब्दावर होती.

हा खड्डा माझा नव्हे, भास्कराचार्यांचा. 'लीलावती' (इ.स. ११५०) मध्ये खातव्यवहार, म्हणजे खोदकामाचं गणित, असं एक प्रकरण आहे. वाकड्यातिकड्या खड्ड्याची लांबी तीन ठिकाणी १०, ११, १२ हात. रुंदी ६, ५, ७. खोली २, ४, ३. घनफळ किती? आचार्यांची रीत सरळ आहे. अनेक ठिकाणी मोजा, बेरीज करा, ठिकाणांच्या संख्येने भागा. जे येतं ती 'सममिती', आपली सरासरी. लांबी ११, रुंदी ६, खोली ३. उत्तर १९८ घनहात.

माझ्यातला टेस्टर इथे जागा होतो. रुंदी आणि खोली एकाच जागी मोजल्या का? लांबी ११च धरू. जिथे रुंद तिथेच खोल असेल (५×२, ६×३, ७×४), तर घनफळ सुमारे २०५ येतं. जिथे अरुंद तिथे खोल असेल, तर सुमारे १९१. सरासऱ्या त्याच, माती मात्र चौदा-पंधरा घनहातांनी कमीजास्त. म्हणजे नेमक्या उत्तराला नुसत्या सरासऱ्या पुरत नाहीत.

आता एवढा कीस कशाला, असं वाटेल. पण मी पडलो भंडाऱ्याचा. आमचा जिल्हा तलावांचा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी खोदलेले तलाव, पुढे मालगुजारांकडे आलेले आणि १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर सरकारकडे गेलेले. त्यांना आजही 'मामा तलाव' म्हणतात, मामा म्हणजे माजी मालगुजारी! शिवाय धानाच्या बांध्यांजवळ लहान बोड्या. (कोहळ्यांनी लीलावती वाचली होती असा माझा मुळीच दावा नाही. त्यांचं गणित कुदळीत होतं.) महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. त्यात मातीकामाची मजुरी मोजमापावर ठरू लागली. म्हणजे बोडीची सरासरी हा थेट मजुराच्या चुलीचा प्रश्न झाला.

बोडीच्या कडा उतरत्या असतात. वर मोठी, तळाला लहान. लीलावतीत हेही आहे: तोंड १२ बाय १०, तळ त्याच्या निम्मा म्हणजे ६ बाय ५, खोली ७. घाईचा माणूस लांबी-रुंदीची सरासरी घेईल: ९ × ७.५ × ७ = ४७२.५. दुसरा घाईचा माणूस वरच्या आणि तळाच्या क्षेत्रफळांची सरासरी घेईल: ७५ × ७ = ५२५. आचार्य दोन्ही टाळतात. तोंडाचं क्षेत्रफळ १२०, तळाचं ३० आणि दोन्हींच्या बाजूंची बेरीज करून (१८ बाय १५) आलेलं २७०. एकूण ४२०, सहाने भागून ७०, खोलीने गुणून ४९०. सरळ उताराच्या खड्ड्याला हेच अचूक उत्तर. आजचं कलनशास्त्र लावा, तेवढंच येतं.

मजुरीत याचा अर्थ काय? पहिल्या सरासरीने मोजलं तर मजुराने अठ्ठावीस दिवस खणायचं आणि सत्तावीस दिवसांचे पैसे घ्यायचे. दुसरीने मोजलं तर चौदा दिवस खणून पंधराचे. कागदावर दोन्हीकडे 'सरासरी'च लिहिलेलं असणार.

१५४५च्या सुमारास कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' टीका लिहिली. जितक्या जास्त ठिकाणी मोजाल तितकी सममिती खऱ्या मापाच्या जवळ जाईल, असं त्यांनी तिथे स्पष्ट केलं आहे. मला त्यांचं हे फार आवडतं. तीन मापं पुरतात का, हा प्रश्न त्यांना पडला होता म्हणायचा.

मातीकामात याला एक जुनी युक्ती आहे. खणताना मध्ये मध्ये मातीचा एखादा खांब न खोदता तसाच ठेवतात, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती ते नंतरही मोजता येतं. खांब जितके जास्त तितकी मापं जास्त, आणि प्रत्येक खांबापाशी रुंदी-खोली एकाच जागी मिळते. मात्र हे मृगाच्या आधी उरकावं लागतं. एकदा बोडी भरली की खांब विरघळतात.