द्वादशी नसलेला उपास

मराठी घरात एकादशीच्या मागोमाग द्वादशी येते. उपास किती कडक असावा याविषयी घरोघरी मतभेद असतील. पण तो कधी सोडावयाचा याविषयी कोणाला शंका नसते. उपासाच्या अखेरीला ‘पारणे’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि त्याची वेळही पंचांगात दिलेली असते. आयुर्वेदाने याहून पुढे जाऊन, शोधनोपचारानंतर रुग्णाला आधी पेया, मग विलेपी, मग यूष अशा पायऱ्यांनी नेहमीच्या अन्नावर आणण्याचा संसर्जनक्रम सांगून ठेवला आहे. २६ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी आपले उपोषण सोडले, ते संत्र्याच्या रसाने. अन्न सोडणे सोपे नाही खरे. परंतु अन्नाकडे परत येणे हे त्याहूनही नाजूक काम आहे, ही जाण या सर्व चालीरीतींत आढळते.

मात्र एक उपास असा आहे की ज्याला द्वादशी नाही. तो देवासाठी केलेला नसतो, एखाद्या मागणीसाठीही नसतो. आणि करणाऱ्याला आपण उपाशी आहोत हे पुष्कळदा कबूलही नसते. वैद्यकात त्याला ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हणतात. त्याच्या जोडीने ‘बुलिमिया’ हा दुसरा विकार येतो. त्यात उपाशी राहणे आणि अनावर खाणे यांचे चक्र चालू राहते. अशा रुग्णाला पुन्हा पानावर कसे बसवावे, या प्रश्नाचा इतिहास तीन शतकांहून अधिक जुना आहे.

लंडनचे वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ साली क्षयरोगावर एक लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दोन विलक्षण रुग्ण नोंदविले. पहिली एक तरुण मुलगी. ती अठराव्या वर्षी, १६८४ साली आजारी पडली. ताप नाही, खोकला नाही, तरी देह झिजत चाललेला. आणि पुस्तकांवरून मात्र नजर हटत नसे. तिने औषधे मध्येच सोडून दिली आणि ती वाचली नाही. दुसरा रुग्ण सोळा वर्षांचा मुलगा. त्याला मॉर्टननी अभ्यास सोडून खेड्यातल्या हवेत राहावयास, घोड्यावर फिरावयास आणि दुधाचा आहार घ्यावयास सांगितले. तो बऱ्याच अंशी सुधारला. हा विकार केवळ मुलींचा, या समजुतीला पहिल्याच नोंदीत असा छेद गेलेला आहे.

यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, १८७३ साली, पॅरिस आणि लंडन येथे एकाच वेळी या विकाराकडे लक्ष वेधले गेले. पॅरिसचे डॉक्टर लासेग यांची दृष्टी रुग्णाइतकीच त्याच्या घराकडेही होती. घरच्या माणसांजवळ दोनच उपाय असतात, विनवण्या आणि धमक्या, आणि ते दोन्ही वाया जातात, असे त्यांना दिसले. लंडनचे सर विल्यम गल यांनी या विकाराला आजचे नाव दिले. ‘अ‍ॅनोरेक्सिया’ म्हणजे भूक नसणे. नाव रूढ झाले, पण ते पुरते खरे नव्हते. कारण अशा रुग्णाची भूक नाहीशी झालेली नसते, बहुधा ती दाबून ठेवलेली असते. गल यांचा उपचार साधा होता: शरीराला ऊब, आणि ठरावीक अंतराने थोडेथोडे अन्न. १८६६ च्या जानेवारीत त्यांच्याकडे आलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीचे वजन सव्वादोन वर्षांच्या आत ४६ पौंडांनी वाढले. मात्र रुग्णाच्या इच्छेला यात काहीच स्थान नसावे आणि नातेवाईक हे सर्वांत वाईट शुश्रूषक होत, असे त्यांचे मत होते. पॅरिसमध्ये शार्को यांनी तर रुग्णाला आईवडिलांपासून दूर ठेवणे हाच मुख्य उपचार मानला. १९१४ साली हॅम्बुर्गचे सिमंड्स यांनी पीयूषिका ग्रंथीच्या नाशाने देह झिजतो असे दाखविले आणि त्यानंतर बराच काळ उपासमारीचे हे रुग्णही ग्रंथिरोगाचेच समजले जाऊ लागले. ज्याचे दुखणे मनात आणि जेवणाच्या ताटात होते, त्याचा शोध एका ग्रंथीत चालला होता.

या प्रश्नावर खरा प्रकाश पडला तो अगदी वेगळ्या दिशेने. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातील उपाशी जनतेला पुन्हा कसे पोसावे, याचे ज्ञान कोणालाच नव्हते. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग सुरू केला. युद्धात शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकबुद्धीने नकार दिलेले ३६ निरोगी तरुण त्यात आपण होऊन सामील झाले. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले. वजन घटणार हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते त्यांच्या मनाचे पालटणे. ते चिडचिडे, खिन्न, एकलकोंडे झाले. अन्नावाचून दुसरा विषय त्यांना सुचेना. ते पाककृतींची पुस्तके वाचत बसत, इवलेसे जेवण तासन्‌तास चिवडत, पदार्थ विचित्र रीतीने एकत्र कालवत. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांचे समाधान होईना. पोट तुडुंब भरूनही भूक शमत नसे, आणि खाण्याची घडी पुन्हा बसावयास महिने लागले. कीज यांचा या प्रयोगावरील दोन खंडांचा ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला.

ज्या वागणुकीला हट्ट, ढोंग किंवा स्वभावदोष म्हटले जात होते, तिचा मोठा भाग उपासमारीच निर्माण करते, हे यातून उघड झाले. अर्थात रुग्णाला आधी समजावावे आणि मग तो जेवेल, हा क्रम उलटा ठरला. मेंदूला अन्न मिळाल्यावाचून त्याला समजावणेही पुरते पोचत नाही.

त्याच काळाने दुसरा धडाही दिला. १९४५ च्या एप्रिलमध्ये बेल्सेनची छळछावणी मुक्त झाली, तेव्हा सैनिकांनी दयेपोटी दिलेल्या डब्यांतील स्निग्ध अन्नाने अनेक उपाशी जीव दगावले. मग ‘बंगाल फॅमिन मिक्स्चर’ आणण्यात आले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरून नाव पडलेले हे दूधपूड, पीठ आणि साखर यांचे मिश्रण होते. पण त्याचा गोडवा तेथील पुष्कळांना सोसवेना. दीर्घ उपासानंतर अन्न एकदम वाढविल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने घसरतात आणि हृदयावर संकट येते, हे आज ज्ञात आहे. म्हणूनच फार खंगलेल्या रुग्णाचे पारणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे लागते. पेयेपासून सुरुवात करणाऱ्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पायऱ्या मात्र ठाऊक होत्या.

१९७९ साली लंडनचे जेरल्ड रसेल यांनी तीस रुग्णांच्या आधारे बुलिमियाचे वर्णन केले. या तिसांत दोन पुरुष होते. पुढे ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी १९८१ पासून त्यावरील उपचाराची पद्धत मांडली. तिच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे: दिवसातून तीन जेवणे आणि मध्ये दोनतीन वेळा अल्पाहार, कोणत्याही दोन खाण्यांत चार तासांहून अधिक अंतर नाही. भूक लागली म्हणून खावयाचे नाही, कारण भुकेची खूणच बिघडलेली असते; वेळ झाली म्हणून खावयाचे. काल अनावर खाणे झाले, तरी त्याची शिक्षा म्हणून आजची न्याहारी टाळावयाची नाही. कारण त्या टाळण्यातूनच उद्याचे अनावर खाणे जन्माला येते. गल यांचे ‘ठरावीक अंतर’ येथे पुन्हा भेटते. फरक इतकाच, की तेव्हा घड्याळ परिचारिकेच्या हाती होते, आता ते रुग्णाच्या स्वतःच्या हाती आले.

कुटुंबाचाही न्याय असाच उशिरा झाला. शतकभर आईवडिलांना या विकाराचे कारण किंवा निदान अडथळा मानण्यात आले. १९८७ साली लंडनच्या मॉड्स्ले येथील रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की रुग्ण वयाने लहान आणि विकार तीन वर्षांच्या आतला असेल, तर घरच्यांना बरोबर घेऊन केलेला उपचार अधिक फलदायी ठरतो. या पद्धतीत आईवडील काही काळ मुलाच्या जेवणाची जबाबदारी स्वतः उचलतात आणि तो सावरू लागला, की ती हळूहळू त्याला परत करतात. ज्यांना दाराबाहेर ठेवले होते, त्यांनाच पानाशेजारी बसविण्यात आले.

हा विकार पाश्चात्त्यांचा, सुखवस्तूंचा, अशी समजूत आपल्या देशात दीर्घकाळ होती. १९९५ साली दिल्लीतील डॉक्टरांनी अशा पाच तरुणींची हकीकत प्रसिद्ध केली. त्या अन्न नाकारीत, त्यांना उलट्या होत, वजन घटलेले होते. परंतु आपण जाड आहोत ही पुस्तकात सांगितलेली भ्रांती त्यांच्यात नव्हती. विकार एकच असला तरी तो प्रत्येक समाजाची भाषा बोलतो. आपल्याकडे तो ‘पोट बिघडले आहे’, ‘अन्नावर वासना नाही’, क्वचित ‘आज माझा उपास आहे’ अशा शब्दांआडही दडू शकतो.

लासेग यांनी सांगितलेल्या विनवण्या आणि धमक्या मराठी घराला परक्या नाहीत. पंगतीतला आग्रह आणि ‘किती बारीक झालीस’ किंवा ‘किती सुटलीस’ हे उंबऱ्यातच ऐकू येणारे स्वागत, या दोन्हींत माया असते. पण सावरणाऱ्या माणसाला त्या दोन्हींचा जाच होतो. त्याला हवी असते ती वेळेवर वाढलेली थाळी, शेजारी कोणीतरी शांतपणे जेवत असणे, आणि देहाविषयी मौन. तीनशे वर्षांच्या या शोधातून हाती आले ते इतके साधे आहे. या उपासाची द्वादशी पंचांगात सापडत नाही. ती रोज, वेळ झाली की, थोडीथोडी करावी लागते. आणि एखाद्या दुपारी आमटीभाताचे जेवण होऊन जाते, ताटे उचलली जातात आणि त्याविषयी बोलण्याचे कोणाला सुचतही नाही, तेव्हा ते पारणे पुरे झालेले असते.